फाटकाच्या आत जबाबदारी कोणाची?
विद्यार्थ्यांची सुरक्षितता, शाळा आणि कायदा

मूल शाळेत असताना त्याला काही झाले, तर कायद्याने जबाबदार कोण? शिक्षक, मुख्याध्यापक, संस्थाचालक, बसवाला की सरकार? पालकांच्या मनात हा प्रश्न बहुधा एखादी बातमी वाचून येतो. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याची बातमी आली, तेव्हा महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत त्याला आणखी एक प्रश्न जोडला गेला. तिकडे सरकारने जे आदेश काढले, ते आपल्या मुलाच्या शाळेला लागू आहेत का? छत्तीसगढमधल्या भिलाईसारख्या गावात हा प्रश्न अगदी रास्त आहे. पोलाद कारखान्यामुळे देशभरातून माणसे येथे येऊन वसली. एकाच सेक्टरमध्ये कारखान्याची शाळा, राज्य सरकारची शाळा आणि खासगी शाळा अशा तिन्ही आढळतात. प्रत्येकीचा मालक वेगळा आणि मंडळही अनेकदा वेगळे. मुलाला असलेले कायद्याचे संरक्षण मात्र बहुतांशी एकच आहे.

१. जबाबदारी कुठे सुरू होते आणि कुठे संपते

पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत शाळा जबाबदार, असा सर्वसाधारण समज आहे. कायदा घंटा मोजत नाही. तो दोन गोष्टी पाहतो: त्या वेळी मुलाचा ताबा कोणाकडे होता, आणि जे घडले त्याचा धोका आधी दिसण्यासारखा होता का. शाळेची सहल, स्नेहसंमेलनाची तालीम, शाळेने नेलेला क्रीडास्पर्धेचा संघ, शाळेची बस हे सगळे या ताब्यात येते, मग ते शाळेच्या आवाराबाहेर का असेना.

शिक्षकाकडून किती काळजीची अपेक्षा ठेवायची, याचे माप न्यायालयांनी घरातूनच घेतले आहे. काळजीवाहू आईवडील त्या प्रसंगी जेवढे जपतील, तेवढे शिक्षकाने जपले पाहिजे. २८ मे १९९५ रोजी पठाणकोटजवळच्या एका निवासी शाळेची मुले ब्यास नदीकाठी सहलीला गेली होती. त्यांपैकी चौदा जण बुडाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००१च्या निकालात प्रत्येक मुलाच्या पालकांना पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश कायम झाला. शिक्षक सोबत होते, त्यामुळे देखरेख नव्हती असे म्हणता येत नव्हते. पण लहान मुलांना वाहत्या नदीत उतरू देणे आणि ती कुठे जातात याकडे लक्ष न ठेवणे, हे जपणाऱ्या आईबापाच्या हातून झाले नसते. निकालाचा गाभा हा आहे.

सहलीच्या आधी शाळा पालकांकडून एक कागद सही करून घेते: ‘काही झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही.’ पालक तो वाचून घाबरतात आणि सही करतात. या सहीने शाळेचा निष्काळजीपणा पुसला जात नाही. मूल सहलीला जायला पालकांची हरकत नव्हती, एवढेच त्या कागदावरून सिद्ध होते. त्याला खोल पाण्यात सोडायला हरकत नव्हती, असे सिद्ध होत नाही.

आता दुसरी पायरी. चूक एका शिक्षकाची, मग भरपाई संस्थेने का द्यायची? एसटीचा चालक चुकला आणि अपघात झाला, तर जखमी प्रवाशाला भरपाई महामंडळ देते. चालक महामंडळाच्या कामावर असतो आणि ते काम करतानाच चूक झालेली असते. शाळेचेही तसेच आहे. कामावर असलेल्या माणसाच्या हातून कामाच्या ओघात चूक झाली, तर नोकरीवर ठेवणाऱ्यालाही ती निस्तरावी लागते. ब्यासच्या प्रकरणात हाच नियम लावला गेला.

एकाच घटनेतून तीन वेगवेगळ्या जबाबदाऱ्या निघू शकतात, हेही येथेच लक्षात घ्यायला हवे. समजा, भिलाईतल्या एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेत आम्लाची बाटली उघड्या फळीवर ठेवलेली होती, ती सातवीच्या मुलीच्या हातावर सांडली आणि हात भाजला. उपचाराचा खर्च आणि सोसलेल्या त्रासाची भरपाई ही दिवाणी बाजू. निष्काळजीपणे इजा केल्याबद्दल पोलिसांत गुन्हा ही फौजदारी बाजू. मान्यतेच्या अटी मोडल्याबद्दल शिक्षण खाते किंवा मंडळ शाळेला विचारेल ती प्रशासकीय बाजू. तिन्ही वाटा एकाच वेळी चालू राहू शकतात. भरपाई मिळाली म्हणून गुन्हा आपोआप मिटत नाही.

२. भिलाईत कोणता नियम चालतो

संसदेने केलेले कायदे भिलाईच्या दुर्ग जिल्ह्यात आणि बदलापूरच्या ठाणे जिल्ह्यात सारखेच लागू असतात. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२चा पॉक्सो कायदा, २०१५चा बालन्याय कायदा, २००९चा शिक्षण हक्क कायदा आणि १ जुलै २०२४पासून भारतीय दंड संहितेच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता हे त्यांतले मुख्य. सर्वोच्च न्यायालयाने दिलेले निर्देशही देशभर बंधनकारक असतात.

राज्य सरकारचे शासन निर्णय मात्र राज्याच्या सीमेपर्यंतच चालतात. बदलापूरच्या घटनेनंतर महाराष्ट्र सरकारने शाळांत सीसीटीव्ही बसवणे, कर्मचाऱ्यांची चारित्र्यपडताळणी करणे, तक्रारपेटी ठेवणे आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती स्थापणे याबद्दल आदेश काढला. तो भिलाईच्या शाळेला लागू नाही. म्हणून भिलाईची शाळा मोकळी सुटते असे नाही, कारण कर्मचाऱ्यांची पडताळणी केंद्राच्या पॉक्सो नियमांतच आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२१मध्ये शालेय सुरक्षिततेबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली. घटना घडल्यास जाब कोणाला विचारायचा, हे त्यांत ठरवून दिले आहे. ती सर्व राज्यांनी अमलात आणावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४मध्ये दिला. शाळा सीबीएसईची असेल तर मंडळाच्या संलग्नतेच्या अटी त्यावर आणखी येतात.

३. कळले की कळवायचे

संपूर्ण विषयात सर्वाधिक गैरसमज या ठिकाणी आहेत आणि सर्वाधिक नुकसानही येथेच होते. म्हणून हा भाग सावकाश पाहू.

पॉक्सो कायद्याच्या दृष्टीने अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे, मुलगा असो की मुलगी. बालकाची संमती होती, हा बचाव येथे चालत नाही. गुन्हा करणारा त्याच शाळेचा कर्मचारी किंवा व्यवस्थापनातला असेल, तर तो गुन्हा अधिक गंभीर समजला जातो आणि शिक्षाही वाढते.

या कायद्याचे कलम १९ नेहमीच्या फौजदारी कायद्यापेक्षा एक पाऊल पुढे जाते. असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले, किंवा घडेल अशी ज्याला धास्ती वाटते, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलेच पाहिजे. हे कर्तव्य मुख्याध्यापकांवर आहे तसेच वर्गशिक्षिकेवर, शिपायावर आणि शाळेच्या डॉक्टरवरही आहे. न कळवणाऱ्याला कलम २१खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवून बसला, तर कैद एक वर्षापर्यंत आणि शिवाय दंड.

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे २०१९मध्ये एका इंग्रजी शाळेच्या वसतिगृहातील लहान आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. तपासात सतरा मुलींचा संबंध समोर आला. मुलींवर उपचार करण्यासाठी नेमलेल्या डॉक्टरला हे माहीत होते आणि तरीही त्याने कळवले नाही, असा पोलिसांचा आरोप होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. २ नोव्हेंबर २०२२ रोजी न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि सी. टी. रविकुमार यांच्या पीठाने तो आदेश फिरवला आणि माहीत असूनही न कळवणे हा गंभीर गुन्हा असल्याचे सांगितले. अनेकदा अशा मौनाचा उपयोग गुन्हेगाराला पाठीशी घालण्यासाठीच होतो, हेही न्यायालयाने नोंदवले. डॉक्टर दोषी की निर्दोष हे त्या निकालाने ठरले नाही, ते खटल्यातच ठरायचे. पण न कळवल्याचा आरोप किरकोळ समजून आरंभीच निकालात काढता येत नाही, हे पक्के झाले.

बदलापुरात हेच कलम संस्थाचालकांपर्यंत पोहोचले. बालवाडीतल्या दोन मुलींवर शाळेच्याच स्वच्छतागृहात अत्याचार झाला. आरोपी तेथे कंत्राटावर सफाईचे काम करत होता. पोलिसांनी तक्रार घ्यायला तासन्‌तास लावले आणि २० ऑगस्ट २०२४ रोजी संतापलेले लोक रेल्वे रुळांवर उतरले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि शाळेने कळवले नाही याबद्दल गुन्हा का नोंदवला नाही, असे पोलिसांना विचारले. त्यानंतर शाळेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला.

शाळा कळवत का नाहीत? ‘आधी आपण चौकशी करू, खरे निघाले तर पुढे बघू,’ हे वाक्य जवळपास प्रत्येक प्रकरणात ऐकू येते. ते समंजस वाटते, पण कायद्याच्या विरुद्ध आहे. खरे-खोटे ठरवण्याचे काम शाळेचे नाही. तपास पोलिसांचा, निवाडा न्यायालयाचा, शाळेचे काम फक्त कळवणे. शाळेने आधी चौकशी केली की तीन गोष्टी घडतात. संशयिताला सावध व्हायला वेळ मिळतो. मुलाला तेच पाच मोठ्या माणसांसमोर पुन्हा पुन्हा सांगावे लागते. आणि पुढे न्यायालयात बचाव पक्ष म्हणू शकतो की मुलाला हे शिकवून-पढवून वदवले. बदनामीच्या भीतीने गप्प बसणारी शाळा स्वतःच्याच मुख्याध्यापकाला आरोपी करून ठेवते.

दुसरा गोंधळ समितीचा. नोकरीच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाची तक्रार ऐकण्यासाठी २०१३च्या कायद्याने अंतर्गत समिती असते. अनेक शाळा बालकाची तक्रारही तिच्याकडे पाठवतात आणि आपण कारवाई केली असे समजतात. ती समिती मुख्यतः शिक्षिका आणि अन्य महिला कर्मचाऱ्यांसाठी आहे. बालकाची तक्रार पोलिसांकडेच जायला हवी. समितीकडे दिल्याने कलम १९चे कर्तव्य पुरे होत नाही.

कळवणाऱ्याच्या मनात भीती असते की आरोप खोटा निघाला तर आपणच अडकू. ती भीती कायद्यानेच दूर केली आहे. सद्‌हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. शिक्षा आहे ती जाणूनबुजून, कोणाला अडकवण्यासाठी खोटी तक्रार करणाऱ्याला. बालकाने खोटे सांगितले तरी बालकाला शिक्षा नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. भिलाईच्या सेक्टर सहामध्ये राहणारा तिसरीतला मुलगा शुक्रवारी मधल्या सुटीत बाईंना सांगतो, “गाडीतले भैया मला शेवटी उतरवतात आणि घाण करतात.” बाईंनी काय करायचे? मुलाचे शब्द तो बोलला तसेच, तारीख-वेळ घालून, वहीत उतरवायचे. ‘म्हणजे नक्की काय केले, दाखव बरे’ असे विचारायचे नाही. तू सांगितलेस ते बरे केलेस, एवढे म्हणायचे. मुख्याध्यापकांना लगेच सांगायचे, पालकांना बोलवायचे, आणि भिलाईनगर ठाण्याला किंवा ११२ या क्रमांकावर कळवायचे. बालकांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही मदतीला असते. त्या भैयाला समोर बोलावून जाब विचारायचा नाही. मुलाला त्या दिवशी त्याच गाडीने घरी पाठवायचे नाही.

समजा मुख्याध्यापक म्हणाले, “सोमवारी व्यवस्थापनाची बैठक आहे, तोवर थांबा.” बाईंचे कर्तव्य तेवढ्याने सुटत नाही, कारण कलम १९ ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणते. त्यांनी स्वतः कळवायला हवे. गाडी शाळेची आणि भैया शाळेचा नोकर असेल, तर मुख्याध्यापकांवर एक वर्षापर्यंतच्या शिक्षेचे कलम लागू शकते. गाडी पालकांनी परस्पर ठरवलेली खासगी असेल, तर तो शाळेच्या हाताखालचा नाही, असे म्हणता येईल. तरीही कळून न कळवल्याबद्दल सहा महिन्यांचे कलम उरतेच.

४. कळवल्यानंतर मुलाचे काय होते

‘पोलिसांत गेलो तर पोराला ठाण्यात फेऱ्या माराव्या लागतील’ या भीतीने अनेक आईवडील मागे सरतात. कायदा वाचला तर ही भीती बरीच कमी होते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि तोही गणवेशाविना. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. आरोपीशी त्याची समोरासमोर गाठ पडू द्यायची नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरने, आई-वडील किंवा विश्वासातले माणूस जवळ असताना करायची. पोलिसांनी चोवीस तासांत बालन्याय कायद्याखालच्या बालकल्याण समितीला आणि पॉक्सोच्या विशेष न्यायालयाला कळवायचे.

विशेष न्यायालयात वकील मुलावर थेट प्रश्नांची सरबत्ती करू शकत नाही. प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारले जातात आणि खटला बंद दाराआड चालतो. न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्य तोवर वर्षभरात निकाल, असे वेळापत्रक कायद्यात आहे. प्रत्यक्षात अनेक खटले याहून लांबतात, हे पालकांनी धरून चालावे.

मुलाचे नाव, शाळा, घर किंवा ज्यावरून ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करता येत नाही. ही बंदी वृत्तपत्रे पाळतात, तशी वर्गाच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटानेही पाळावी. मुलाला न्याय मिळावा म्हणून तळमळीने पुढे पाठवलेला संदेशच त्याची ओळख गावभर करतो.

५. छडी

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे. वर्गाबाहेर उन्हात उभे करणे किंवा जातीवरून, रंगावरून, बापाच्या कामावरून टोमणे मारणे हेही यात येते. २०१४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, आणि भिलाईत मिशनऱ्यांच्या शाळा आहेत. पण तेथेही मारायला मोकळीक नाही. मारहाणीचे सर्वसाधारण गुन्हे सर्वत्र लागू असतात. शिवाय बालन्याय कायद्याचे कलम ७५ आहे: ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानेच क्रूरपणा केला तर तीन वर्षांपर्यंत, आणि मुलांच्या देखभालीची जबाबदारी असलेल्या संस्थेच्या माणसाने केला तर पाच वर्षांपर्यंत कैद.

छत्तीसगढ उच्च न्यायालयासमोर २०२४मध्ये अंबिकापूरचे एक प्रकरण आले. सहावीतल्या एका मुलीने जीवन संपवले होते आणि चिठ्ठीत शिक्षिकेचे नाव होते. शिक्षिकेने गुन्हा रद्द करण्याची मागणी केली. न्यायालयाने ती फेटाळली. शिस्तीच्या नावाखाली मुलाला शारीरिक शिक्षा देणे संविधानाच्या कलम २१मधील जगण्याच्या हक्काशी जुळत नाही आणि मूल लहान आहे म्हणून ते कमी माणूस ठरत नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. शिक्षिका दोषी आहे की नाही, हा प्रश्न त्यात ठरला नव्हता.

‘आम्हीही मार खाल्ला, आमचे काय बिघडले?’ असे म्हणणारे पालक आजही भेटतात आणि काही तर शिक्षकांना ‘दोन ठेवून द्या’ असे स्वतःच सांगतात. पालकांनी दिलेली अशी परवानगी कलम १७ची मनाई उठवू शकत नाही.

६. भिंती, आग आणि ताट

१६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातली आग गवती छपराला लागली आणि ९४ मुले गेली. जिने अरुंद होते, बाहेर पडायला पुरेशा वाटा नव्हत्या. या घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निकाल दिला: शिक्षणाच्या हक्कातच सुरक्षित शाळेचा हक्क आहे. आग विझवण्याची साधने, ती वापरण्याचे कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण आणि राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार इमारतीची तपासणी यांचे निर्देश त्यातच आहेत. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात, पिपलोदी गावात, सरकारी शाळेचे छत कोसळून सात मुले दगावली. भिलाईची टाउनशिप पन्नासच्या दशकाच्या अखेरीस उभी राहू लागली. जुन्या इमारतींच्या शाळेला पालकांनी छताची तपासणी शेवटची कधी झाली हे विचारणे अगदी योग्य आहे. निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू झाल्यास नव्या न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या दंड संहितेत ती दोन वर्षे होती.

पोषण आहाराचे प्रकरण तर भिलाईपासून फार दूरचे नाही. जुलै २०२५च्या अखेरीस बलौदाबाजार जिल्ह्यातील लच्छनपूरच्या सरकारी शाळेत बचत गटाने मुलांसाठी शिजवलेल्या भाजीला कुत्र्याने तोंड लावले. मुलांनी ते शिक्षकांना सांगितले. शिक्षकांनी बचत गटाला वाढू नका म्हटले. तरीही ते अन्न वाढले गेले आणि नंतर मुलांना रेबीजविरोधी लस द्यावी लागली. छत्तीसगढ उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन ८४ मुलांना प्रत्येकी २५ हजार रुपये देण्यास राज्य सरकारला सांगितले. अन्न शिजवले बचत गटाने, पैसे भरायचे सरकारने. काम दुसऱ्याला दिले तरी मुलाप्रतीची जबाबदारी त्याच्यासोबत दिली जात नाही. स्वयंपाक, सफाई, पहारा आणि बस कंत्राटावर देणाऱ्या प्रत्येक शाळेने हे प्रकरण वाचायला हवे. शिक्षकांनी ‘वाढू नका’ म्हटले ते बरोबरच होते, पण तेवढे पुरेसे नव्हते. ताटे मुलांपुढून उचलून घ्यायला हवी होती.

७. बस

नोव्हेंबर १९९७मध्ये दिल्लीत शाळेची बस यमुनेत कोसळली आणि पुष्कळ मुले दगावली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने स्कूलबससाठी निर्देश दिले. पिवळा रंग, मागे-पुढे ‘स्कूलबस’ ही अक्षरे, शाळेचे नाव आणि फोन क्रमांक, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, खिडक्यांना आडव्या जाळ्या, नीट लागणारी दारे, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवणारे यंत्र, सोबत एक मदतनीस आणि अवजड वाहन चालवण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव असलेला चालक. भाड्याने घेतलेल्या बसवरही ती शाळेच्या कामावर असल्याचे लिहावे लागते.

व्हॅन आणि ऑटो यांच्याबाबत पालक आणि शाळा एकमेकांकडे बोट दाखवतात. वाहन शाळेने ठरवले, फी शाळेने घेतली, तर जबाबदारीतून शाळेची सुटका नाही. पालकांनी परस्पर ठरवले असेल, तर चालकाचा परवाना, गाडीचा विमा आणि कोंबलेल्या मुलांची संख्या पाहणे हे त्यांच्यावरच येते. तरी फाटकाशी मुले चढता-उतरताना माणूस उभा करणे शाळेचेच काम.

८. कॅमेरा आणि पडताळणी

जुलै २०२५मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना आवाज टिपणारे कॅमेरे बंधनकारक केले. प्रवेशद्वारे, जिने, व्हरांडे, वर्ग, प्रयोगशाळा, मैदान अशा जागी ते हवेत, स्वच्छतागृहांत नकोत, आणि किमान पंधरा दिवसांचे चित्रण जपून ठेवायला हवे. पालकांनी हा पंधरा दिवसांचा आकडा लक्षात ठेवावा. लहान मूल अनेकदा काही आठवड्यांनी बोलते आणि तोवर चित्रण पुसले गेलेले असते. तक्रार देतानाच चित्रण राखून ठेवण्याची लेखी मागणी करावी ती यासाठीच. कॅमेरा घडून गेलेल्या गोष्टीचा पुरावा देतो. ती घडू न देण्याचे काम माणसांनाच करावे लागते: बालवाडीच्या मुलांना स्वच्छतागृहात नेणारी बाई, मधल्या सुटीत जिन्याशी उभा असलेला शिक्षक, रोज शेवटी उतरणारे मूल कोणते हे ठाऊक असलेला मदतनीस.

२०२०च्या पॉक्सो नियमांनुसार शाळेने प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करायची आहे. तो शिकवणारा असो वा नसो, कायम असो वा कंत्राटी. मात्र ज्याच्या नावावर आधी गुन्हा नाही, त्याची पडताळणी स्वच्छच येते. म्हणून त्याच नियमांत कर्मचाऱ्यांचे वरचेवर प्रशिक्षण आणि संस्थेचे बालसंरक्षण धोरण या गोष्टीही आहेत. बहुतेक शाळा पडताळणीच्या कागदावरच थांबतात.

९. कोणी दाद दिली नाही तर

हद्दीचे कारण सांगून पोलीस तक्रार नाकारू शकत नाहीत. घटना सुपेला ठाण्याच्या हद्दीतली असली आणि पालक नेवई ठाण्यात पोहोचले, तरी तेथे ती नोंदवून पुढे पाठवावी लागते. पॉक्सोची माहिती मिळूनही ती न नोंदवणाऱ्या पोलिसाला तेच कलम २१ लागू होते, जे गप्प बसणाऱ्या शिक्षकाला लागू आहे. ठाण्याने टाळले तर दुर्गच्या पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येते, आणि तेथेही काही झाले नाही तर न्यायालयात अर्ज करता येतो. माहिती दिल्याची प्रत मागून घ्यावी. ती विनामूल्य मिळते.

मारहाण, फीवरून मुलाला वर्गाबाहेर काढणे, धोकादायक इमारत यांसारख्या बाबी जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांकडे नेता येतात. शाळा सीबीएसईची असल्यास मंडळाकडेही. रायपूरचा राज्य बाल अधिकार संरक्षण आयोग शिक्षण हक्क आणि पॉक्सो या दोन्ही कायद्यांच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवतो. त्याला चौकशी करता येते, माणसे आणि कागदपत्रे बोलावून घेता येतात, आणि सरकारला कारवाईची शिफारस करता येते. शिक्षा देण्याचा अधिकार त्याला नाही. त्यामुळे आयोगाकडे अर्ज करून पोलिसांत जायचे राहून गेले, असे होऊ देऊ नये. गुन्ह्याची तक्रार आधी ठाण्यात, बाकीचे अर्ज त्याच्या बरोबरीने.